पेंढ्यातली बाटली

आमच्याकडे बोटीवरून परत आलेल्या प्रत्येकाला लोक कॅप्टन म्हणतात. मी बोटीवर जेवण वाढायचो, पुढे वाइन वाढू लागलो, एवढंच. पण रत्नागिरीत मारुती मंदिरच्या नाक्यावर मी आजही कॅप्टन आहे. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. मग सोडून दिलं. आपलं नसलेलं काही कोणी अंगावर चढवलं की ते उतरवायचा मला आळस येतो. हा माझा जुना दोष आहे, आणि इथे लिहितो आहे ते त्या दोषाबद्दलच.

डॉक्टरांची मुलगी आणि जावई जर्मनीहून नाताळच्या सुट्टीला आले, तेव्हा दोघांच्या सामानातून चार बाटल्या आल्या. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, माझे शेजारी. त्यांच्या गच्चीवर महिन्यातून एका रविवारी दुपारी आम्ही जमतो. डॉक्टर, त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, आंब्याचे व्यापारी शेठ आणि मी. एरवी बिअर असते, कधी नाशिककडची वाइन. ह्या वेळी दोन बाटल्या जर्मन होत्या, दोन फ्रेंच, आणि चारही एकाच द्राक्षाच्या, रीसलिंगच्या.

"द्राक्ष एकच, मग फरक कसला?" शेठ म्हणाले.

सर हळूच म्हणाले, "देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस, फरक कसला?"

शेठ ताठ बसले. "सर, ह्या गच्चीवर तो विषय नको."

ठरलं असं, की येत्या रविवारी बाटल्या कागदात गुंडाळायच्या, कोणती कुठली ते न सांगता चाखायच्या, आणि बाकीच्यांना काय हुंगायचं, काय बघायचं ते कॅप्टनने शिकवायचं. मी हो म्हणालो. हो म्हणताना मला जो आठवला, तो मालगुंडला राहतो. आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास. ह्या पाऊण तासाला मला वीस वर्षं लागली आहेत.

आमची बोट ऱ्हाईन नदीवर चालायची. बासलहून निघायची आणि आठवड्याने अ‍ॅमस्टरडॅमला पोचायची. वरच्या अंगाला बराच वेळ एका काठावर फ्रान्स असतो आणि दुसऱ्या काठावर जर्मनी. तो आणि मी मुंबईत एका एजंटाच्या कचेरीबाहेर रांगेत भेटलो होतो. गावं विचारली, हसलो, आणि तेव्हापासून एकाच केबिनमध्ये राहिलो. मी अठ्ठावीस वर्षांचा, तो माझ्याहून वर्षाने लहान.

दुपारी प्रवासी किल्ले आणि चर्च बघायला उतरले की बोट रिकामी व्हायची. जेवणाच्या टेबलावर राहिलेल्या बाटल्या पँट्रीत आमच्यापुढे असायच्या. राहिलेली वाइन मोरीत ओतायची असा नियम होता. आम्ही ओतायचो, पण आधी दोन छोट्या पेल्यांत घोट घोट काढून घ्यायचो. पहिल्यांदा मी कचरलो होतो. लोकांचं उष्टं कसं घ्यायचं?

"बाटली उष्टी होत नाय रे," तो म्हणाला. "पेला होतो. एवढं धर्मशास्त्र तुला येत नाय?"

त्याच्यासारखं नाक मी नंतर बारा वर्षांत कोणाचं पाहिलं नाही. आमचा व्यवस्थापक नवीन मुलांना पुस्तकातले शब्द पाठ करायला लावायचा. हा पेला नाकाशी नेऊन म्हणायचा, "तोरंजन. अजून पुरतं पिकलं नाय." किंवा, "रायआवळा, मीठ लावून." एकदा नुसतं म्हणाला, "कातळ. उन्हात तापलाय आणि कोणीतरी कळशी हिंदकळवत गेलंय." मी पुन्हा हुंगलं आणि खरोखर आमच्या घरामागच्या कातळाच्या सड्यावर जाऊन उभा राहिलो.

तो जर्मन वाइनच्या बाजूचा होता, मी फ्रेंचच्या. मला ती भरदार वाटायची, कोरडी, स्वतःवर भरवसा असलेली. तो म्हणायचा, "तुझी फ्रेंच म्हणजे जेवून आलेला पाहुणा. छान बोलेल, पण त्याला आपल्याकडून काही नको असतं. माझी जर्मन उपाशी आहे. आंबट आहे, रोड आहे, पण गोडाचा कण दिसला की डोळे बघ तिचे." ह्यावर आम्ही खरंच भांडायचो, हातात ओली भांडी घेऊन. आता कोणी मला विचारलं की परदेशात काय पाहिलंस, तर मी किल्ल्यांची नावं सांगतो. मनात असते ती बारा फुटांची पँट्री, गोल खिडकीतून पाण्यावरून येणारा उजेड आणि त्याचं ते "बघ, बघ, आता बघ".

त्याला आणखी एक नाद होता. आवडलेली बाटली तो केबिनच्या बेसिनमध्ये भिजत घालायचा. लेबल सुटलं की टॉवेलवर वाळवून दोनशेपानी वहीत चिकटवायचा आणि खाली मराठीत एक ओळ लिहायचा. "म्हातारपणी मालगुंडात बसून वाचू," म्हणायचा. वाचू म्हणायचा, वाचेन नाही.

दुसऱ्या वर्षी, हंगाम संपता संपता, एका म्हाताऱ्या जोडप्याने फ्रेंच रीसलिंग मागवली. नदीच्या दोन्ही काठांवर ह्या वाइनची बाटली सारखीच असते, उंच, निमुळती, हिरवी. मी घाईत कपाटातून चुकीची उचलली आणि पँट्रीत उघडूनही टाकली. बूच हातात आल्यावर लेबल वाचलं. ती जर्मन होती, जुनी, यादीतल्या शेवटच्या, सगळ्यांत महाग पानावरची. अशी चूक झाली की नोंदवहीत लिहून व्यवस्थापकापुढे उभं राहायचं असतं. फार तर ओरडा बसला असता. मी बूच परत दाबलं, बाटली फडक्यात गुंडाळून मोरीखाली सारली आणि दुसरी घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्यापुढे ठेवली. म्हणालो, "टेबलावर राहिली. दोन घोट घेऊन उठले."

त्याने पेला नाकाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

"रॉकेल," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसत नव्हता.

"रॉकेल, आणि मागे मध. आई दिवा विझवायची ना, तेव्हाचं घर." मग पेला खाली ठेवून म्हणाला, "ही टाकून उठले? कोण होते रे?"

"श्रीमंतांचं काय सांगावं," मी म्हणालो.

आम्ही ती बाटली संपवली. मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली दुपार होती, आणि हे मला अजूनही खोटं म्हणता येत नाही.

कपाटातल्या बाटल्या मोजल्या गेल्या तेव्हा एक कमी भरली. केबिनी तपासल्या. आमच्या बेसिनमध्ये ती भिजत होती, कारण लेबल त्याला वहीत हवं होतं. व्यवस्थापकाने दोघांना बोलावलं. आधी मला विचारलं, तुला ह्याबद्दल काही माहीत आहे का. मी म्हणालो, "नो, सर."

तेव्हा माझ्या बाजूला उभा असलेला तो माझ्याकडे वळला. ती बाटली राहिलेली नव्हती, पुरी भरलेली होती आणि मी ती चोरून आणली होती, हे त्याला त्या क्षणी कळलं. ते कळलेलं मला त्याच्या तोंडावर दिसलं. तो पुन्हा समोर वळला आणि म्हणाला, ती मी प्यायलो. एवढंच. माझं नाव घेतलं नाही.

पुढच्या धक्क्यावर त्याला उतरवलं. तो बॅग भरत होता आणि मी खाटेवर बसून होतो. वही त्याने शर्टांच्या मध्ये ठेवली. जाताना म्हणाला, "ती इस्त्री तुझी आहे. माझ्या कपाटात राहिली होती."

पुढच्या हंगामात मला वाइनचं काम मिळालं. पाहुण्यांना मी काय सांगायचो? त्याचेच शब्द. कातळाचा वास इंग्रजीत नेला, आवळा नेला, विझवलेला दिवाही नेला. लोक माना डोलवायचे, एकदा एका टेबलाने टाळ्या वाजवल्या. बारा वर्षं मी त्याच्या जिभेवर जेवलो.

इकडे एजंटाच्या कचेरीतून बातमी मालगुंडला त्याच्या आधी पोचली होती. चोरून दारू प्यायला म्हणून काढला. त्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलीचे वडील बिथरले. मुलगी म्हणाली, मी करीन, पण ग्रामदेवतेपुढे त्याने शपथ घ्यावी, ह्यापुढे थेंब नाही. त्याने घेतली. हे मला आईने फोनवर सांगितलं. वर म्हणाली, "बरं झालं, तुझी संगत सुटली."

मी म्हणालो, "हं."

व्यवस्थापकापुढे मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. आईशी बोलताना कशाची भीती होती?

शेवटच्या हंगामात मी त्याच मळ्याची, तशीच जुनी बाटली शोधून विकत घेतली. मनात असं, की घरी गेलो की ही घेऊन मालगुंडला जायचं, त्याच्या ओटीवर ठेवायची आणि सांगायचं. पण माझ्या बायकोचा नियम होता, देव आहेत त्या घरात बाटली नको. म्हणून मी ती लपवली. आंबे पिकत घालायच्या खोलीत, कोपऱ्यात, पेंढ्याच्या तळाशी. जांभ्या दगडाच्या भिंती, काळोख, आणि जानेवारीचे दिवस. खोली थंडगार होती. वाइन कशी जपावी ह्यावर बारा वर्षं प्रवचन दिलेल्या माणसाला हे सुचलं नाही, की ती खोली आहेच उबेसाठी. मे महिन्यात पेंढ्यात हात घातला तर अंगात ताप असलेल्या माणसाच्या पांघरुणात घातल्यासारखा लागतो. त्या उबेनेच आंबा पिकतो. असे आठ मे गेले. दर वर्षी मी म्हणायचो, हा हंगाम होऊ दे.

डॉक्टरांना हो म्हणून घरी आलो तो थेट त्या खोलीत गेलो आणि पेंढा उपसू लागलो. दाराशी बायको येऊन उभी राहिली.

"शोधताय ती डाव्या कोपऱ्यात आहे," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आंबे कोण घालतं ह्या घरात? दर वर्षी मीच ती उचलते आणि मीच परत ठेवते. वाटलं, कोणाची तरी ठेव असेल." मग म्हणाली, "ज्याची आहे त्याला देऊन या आता."

बूच थोडं वर आलं होतं. मानेवरून एक चिकट ओघळ खाली येऊन वाळला होता. उघडायच्या आधीच मला कळलं, वाइन गेली होती.

गुरुवारी मी आरे-वारेच्या रस्त्याने मालगुंडला गेलो. उतारांवरच्या कलमांना मोहोर होता, काच खाली केली की तोच वास. त्याची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि गणपतीपुळ्याला येणाऱ्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत. तो अंगणात रोवलेल्या पहारीवर नारळ सोलत होता. केस सगळे पांढरे.

"या," तो म्हणाला. "बसा. पाणी घ्याल?"

वीस वर्षांत आम्ही चार-पाचदा भेटलो असू, कोणाच्या लग्नात, देवळाबाहेर. दर वेळी असंच. या, बसा, बरे आहात ना.

मी रविवारचं सांगितलं. जर्मन आणि फ्रेंच, समोरासमोर. त्याने आणखी एक नारळ पहारीवर मारला.

"मी घेत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"नुसता वास घे."

तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिला. मग नारळ खाली ठेवला. "वासाला शपथ नाही," म्हणाला. आणि, "येतो. पण मी अजून जर्मनीच्याच बाजूचा. आधीच सांगून ठेवतो."

हीच वेळ होती. बाटलीही गाडीत होती. तेवढ्यात त्याची बायको कोकम सरबत घेऊन आली. "भावजी, वाट चुकलात का?" म्हणाली. मी सरबत प्यायलो, चांगलं झालंय म्हणालो, आणि उठलो.

रविवारी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. मी ओळख करून दिली, बोटीवर माझ्याबरोबर होते. वहिनींनी तळलेले गरे आणि कोलंबीची भजी केली होती. चार बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून आकडे टाकले होते. माझी पाचवी मीही तशीच गुंडाळून शेवटी ठेवली. कोणीतरी विचारलं तेव्हा, ही एक गंमत आहे, म्हणालो.

गुण कसे द्यायचे ह्यावर वाद झाला. मोठ्याने सांगितले तर सगळे सरांचं ऐकून तेच म्हणतात. तेव्हा शेठनी खांद्यावरचा रुमाल काढला. आंब्याच्या बाजारात पूर्वी भाव असा ठरायचा. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, बाजूच्याला पत्ता लागायचा नाही.

"एक ते पाच," शेठ म्हणाले. "कॅप्टनच्या हातात हात द्यायचा, बोटं दाबायची. मनात काय ते त्यालाच कळेल."

पहिली ओतली. डॉक्टर तोंड आंबट करून म्हणाले, "हे रोज पिणारा माणूस वर्षात माझ्या खुर्चीत येईल. वहिनी, आपली मुलगी आपल्या धंद्याची काळजी घेते हो."

"मला बायको म्हणा, वहिनी लोकांची," वहिनी म्हणाल्या.

तो पेला नाकाशी धरून बसला होता. "जर्मन," म्हणाला. "उपाशी आहे."

दुसरी त्याने फ्रेंच सांगितली. तिसरी जर्मन. सगळे घोट घेत होते, हा नुसता हुंगून पेला खाली ठेवत होता.

"अहो, न चाखता?" शेठ म्हणाले.

"शेठ, तुम्ही पेटी घेताना प्रत्येक आंबा कापून बघता?"

"छे. देठाशी हुंगतो."

"मग?"

शेठनी टाळी दिली. चौथी त्याने दोनदा हुंगली आणि जर्मन सांगितली. कागद काढले तर तेवढी एकच चुकली होती, ती फ्रेंच निघाली. तो मोकळेपणाने हसला. "वीस वर्षांत सुधारले म्हणायचे." ते हसू मी पँट्रीनंतर पहिल्यांदा ऐकत होतो. वहिनी फ्रेंचसाठी भांडल्या, भज्यांपुढे तीच टिकते म्हणाल्या, आणि ते खरंही होतं. पण गुणांत जर्मन पुढे गेली. प्रत्येक वेळी रुमालाखाली त्याचा हात माझ्या हातात यायचा. नारळ सोलून खरखरीत झालेला हात, तीन बोटं, चार बोटं, आणि सुटायचा. मला वाटत होतं, बाटल्या संपू नयेत.

पाचवी मी ओतली. पेल्यात रंग कोऱ्या चहासारखा उतरला.

"कॅप्टन, ही काकवी कुठून आणली?" शेठ म्हणाले.

सरांनी हुंगून पेला लांब धरला. "उष्णतेने गेली आहे. पण थांबा, मागे रॉकेलसारखं काहीतरी आहे."

त्याने आपला पेला उचलला. पेला नाकाशी, डोळे मिटलेले. मग त्याने रुमालाखाली हात दिला. मी वाट बघितली. त्याने एकही बोट दाबलं नाही, आणि हातही सोडला नाही.

"कुठे ठेवली होती?" त्याने विचारलं.

"आंब्याच्या पेंढ्यात."

"आंब्याच्या पेंढ्यात," तो म्हणाला, जसं एखाद्या आजारी माणसाबद्दल ऐकून घ्यावं तसं.

मग मी बोललो. त्याचा हात हातात असताना, सगळ्यांसमोर. मोरीखालचं फडकं, टेबलावर राहिली हे खोटं, "नो, सर", माझी बारा वर्षं. वहिनींनी भज्यांची ताटली खाली ठेवली. डॉक्टर गच्चीच्या कठड्याकडे बघत होते. संपल्यावर मला हलकं वाटलं, हेही लिहायला हवं, कारण ते हलकं वाटणं पुढच्या मिनिटात गेलं.

त्याने हात काढून घेतला. रागाने नाही.

"हे इथे सांगून काय?" तो म्हणाला. "ह्या मंडळींनी मला आज पाहिलं. ह्यांच्या लेखी मी कधी चोर नव्हतो. जिथे आहे तिथे सांगा."

शेठनी रुमाल घडी करून खांद्यावर टाकला. मी उरलेल्या बाटलीला बूच लावलं आणि गाडीची किल्ली घेतली.

आम्ही मालगुंडला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत तो एकदाच बोलला. "मोहोर बरा आहे ह्या वर्षी."

त्याची बायको ओटीवर सुपात कुळीथ निवडत होती. मी पायरीवर बसलो. पुन्हा सगळं सांगितलं. गच्चीवर शब्द भराभर आले होते. इथे एकेक ओढून काढावा लागला. ती कुळथातले खडे काढत राहिली. माझं संपल्यावर सूप बाजूला ठेवलं.

"वीस वर्षं," ती म्हणाली. "हे बाहेरून आले की मी आधी ह्यांच्या तोंडाचा वास घेते, भावजी. लग्नाला गेले, बाजारात गेले, माझ्या वडलांच्या तेराव्याहून आले तरी. पहिली वर्षं संशयाने. मग सवयीने." तिने नवऱ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही? तुम्हाला तोंड नव्हतं?"

"प्यायलो तर मीही होतो," तो म्हणाला.

"उरलेली म्हणून प्यायलात. चोरीची म्हणून नाही." मग माझ्याकडे वळून, "सासूबाई हेच मनात घेऊन गेल्या. शेवटी शेवटी कोणी पाहुणा आला की ह्यांना आत पाठवायच्या. त्यांना आता कोण सांगणार?"

मी मान खाली घालून बसलो.

मग ती म्हणाली, "बघू ती बाटली."

मी बाटली दिली. तिने बूच काढून हुंगलं, आणि तोंड फिरवलं. "शी. रॉकेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघेही एकदम हसलो, आणि मला ते थांबवता येईना.

"हसू नका," ती म्हणाली. "मी अजून काही माफ केलेलं नाही." सूप उचलून ती आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात ती वही होती. "दर दिवाळीला विचारते, रद्दीत घालू का. नको म्हणतात."

त्याने शेवटची पानं उलटली. लेबलं पिवळी पडली होती, कडा उचलल्या होत्या. मग एक पान आलं, वर मोकळं. लेबलाएवढी जागा सोडलेली, आणि खाली त्याच्या अक्षरात ओळ. "रॉकेल, मागे मध. आईने दिवा विझवल्यावरचं घर." बाटली बेसिनमध्ये भिजत असतानाच त्याने ती लिहून ठेवली होती.

त्याने बाटली उचलली, उरलेली वाइन नारळाच्या मुळाशी ओतली, विहिरीवरून बादलीत पाणी घेतलं आणि बाटली आत सोडली. आम्ही दोघे बाजूला बसलो. अर्ध्या तासाने त्याने नखाने कोपरा उचलून बघितला. हलला नाही.

"हल्लीचा गोंद वाईट," तो म्हणाला. "तेव्हाची लेबलं कशी तासाभरात सुटायची."

"फाडू नको."

"फाडतोय कशाला? भिजू दे." अंधार पडायला लागला होता. तो उठला, हात पुसले. "बुधवारी ये. तोवर सुटेल."

आज मंगळवार आहे.